एडिटर-प्लगइन्सचे सामूहिक संकेतस्थळ सुधारताना: नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

टेक्स्ट एडिटरसाठी वापरकर्त्यांनीच लिहिलेली प्लगइन्स, म्हणजे एडिटरला नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम, एका ठिकाणी ठेवणारी, त्यांची माहिती देणारी आणि ती उतरवून घेण्याची सोय करणारी संकेतस्थळे बहुधा मोजक्या स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालतात. अशा कामात नव्याने हातभार लावायला आलेल्या माणसाच्या नजरेत आधी भरते ते संकेतस्थळाचे जुनाट रूप, आणि सगळे नव्याने लिहून काढावे असा बेत तो लगेच आखू लागतो. प्रस्तुत लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. नोंदी, पत्ते, शोध आणि मालकी ही या संकेतस्थळाची खरी मालमत्ता असल्यामुळे तिची व्यवस्था आधी लावावी आणि रंगरूपाकडे त्यानंतर वळावे, असे माझे मत आहे. वाचकाला एचटीएमएल, डेटाबेस आणि गिट यांची तोंडओळख आहे, एवढे येथे गृहीत धरले आहे.

पायरी १: संकेतस्थळाची जात ओळखणे

प्लगइन्सच्या संकेतस्थळांचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात लेखक स्वतः फाइल चढवतो आणि ती फाइल संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर राहते. विम या एडिटरच्या अधिकृत संकेतस्थळावरील स्क्रिप्ट विभाग या धर्तीवर उभा आहे. तेथे प्रत्येक स्क्रिप्टला एक क्रमांक मिळतो आणि तिच्या जुन्या आवृत्त्याही त्याच पानावर दिसतात. दुसऱ्या प्रकारात संकेतस्थळाकडे केवळ यादी असते आणि मूळ कोड लेखकाच्या रिपॉझिटरीत राहतो. ईमॅक्स या एडिटरच्या मेल्पा नावाच्या संग्रहात प्रत्येक पॅकेजसाठी (तेथे प्लगइनला पॅकेज म्हणतात) एक छोटी 'रेसिपी' असते, तिच्या आधारे मूळ कोड ओढून आणला जातो आणि पॅकेज आपोआप बांधले जाते. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरच्या पॅकेज कंट्रोल या व्यवस्थेतही मुख्य यादी गिटहबवरील जेसन फाइल्समध्ये असून नवे नाव पुल रिक्वेस्टद्वारे दाखल होते.

हा फरक समजल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. पहिल्या प्रकारात जागा, बॅकअप आणि घातक फाइल्स यांची जबाबदारी आपल्यावर येते. दुसऱ्या प्रकारात लेखकाने रिपॉझिटरी हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती पुसून टाकली, की आपली नोंद पोकळ होते. काही संकेतस्थळे दोन्ही प्रकारांची सरमिसळ असतात, आणि तेथे नेमकी कोणती नोंद कुठून आली हे डेटाबेसमध्ये स्पष्ट लिहिलेले नसते. तसे असल्यास प्रत्येक नोंदीचा उगम सांगणारा एक रकाना वाढवणे ही पहिली सुधारणा ठरू शकते.

पायरी २: हात लावण्यापूर्वी प्रत आणि नोंद

चालू संकेतस्थळाची संपूर्ण प्रत आपल्या संगणकावर चालवता येते का, हे आधी पाहावे. बॅकअप घेतला जात आहे एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे राहते का, याची परीक्षा घ्यावी. डेटाबेसच्या प्रतीत वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेले ठसे, असतात, म्हणून स्वयंसेवकांना देण्याच्या प्रतीतून ते रकाने पुसून टाकणारी स्क्रिप्ट सुरुवातीलाच लिहून ठेवावी.

त्यानंतर सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदी, वाचाव्यात. कोणती पाने उघडली जातात, कोणत्या पत्त्यांवर ४०४ (पान सापडले नाही) मिळतो, शोधपेटीत लोक काय लिहितात आणि त्यांपैकी कोणत्या शोधांना एकही उत्तर मिळत नाही, या चार याद्या हाती आल्या की सुधारणेचा अर्धा आराखडा तयार होतो. या लॉगमध्ये माणसांखेरीज यंत्रेही दिसतात, आणि त्यांची वर्दळ अनेकदा माणसांपेक्षा मोठी असते. ईमॅक्समध्ये २४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, पॅकेज-व्यवस्थापक, म्हणजे पॅकेजेस आपोआप उतरवून बसवणारी सोय, अंगभूत आहे. इतर एडिटरांचे व्यवस्थापकही ठरावीक पत्त्यावरून यादी मागवतात. ती यादी ज्या रचनेत दिली जाते, ती रचना हा एक करारच असतो. त्यातील एखाद्या रकान्याचे नाव बदलले, तर वेबपान पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही, पण असंख्य एडिटरांमधील अद्ययावतीकरण एका रात्रीत बंद पडते. रचना बदलणे अटळ असेल, तर नव्या पत्त्यावर नवी आवृत्ती द्यावी आणि जुनी चालू ठेवावी.

यंत्रांच्या वर्दळीवर एक सोपा उपायही येथेच करून टाकावा. यादीच्या उत्तरासोबत ईटॅग, म्हणजे तिची आवृत्ती ओळखण्याची खूण, पाठवला, तर यादी बदललेली नसताना सर्व्हर ३०४ (बदल नाही) एवढेच उत्तर देऊ शकतो आणि संपूर्ण फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही. स्वयंसेवकांच्या खर्चाने चालणाऱ्या सर्व्हरवर याचा भार चटकन हलका झालेला दिसतो.

पायरी ३: काय मोडायचे नाही ते लिहून काढणे

प्लगइनच्या पानाचा पत्ता लोकांच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, इतर प्लगइन्सच्या रीडमीमध्ये (माहितीपर फाइलमध्ये) आणि जुन्या लेखांमध्ये जाऊन बसलेला असतो. तेथून तो बदलून घेणे कोणालाही शक्य नाही. म्हणून पत्त्यांची नवी पद्धत आणताना प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ हे कायमचे वळण द्यावे आणि ही वळणे तपासणारी चाचणी स्वयंचलित संचात घालावी. क्रमांकावर आधारलेले पत्ते कुरूप दिसतात हे खरे, परंतु नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. तो केवळ सौंदर्यापायी घालवू नये.

एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या बाबतीत नियम आणखी कडक हवा. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट पॅकेजेसचा संग्रह असलेल्या एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष विसंबलेले असंख्य प्रकल्प बांधले जाईनात. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम आवळले. आपणही लेखकाला 'लपवणे' आणि 'पुसणे' असे दोन वेगळे पर्याय द्यावेत. लपवलेली आवृत्ती शोधात दिसू नये, पण तिचा नेमका पत्ता ठाऊक असणाऱ्याला ती मिळावी. कायमचे पुसणे हे कायदेशीर अडचण, चुकून बाहेर गेलेली गोपनीय माहिती किंवा घातक कोड अशा कारणांपुरतेच राखून ठेवावे. शिवाय त्याच आवृत्ती-क्रमांकाखाली वेगळी फाइल चढवण्याची मुभा कोणालाही नसावी.

पायरी ४: नोंदींची साफसफाई

प्लगइनच्या पानावर येणाऱ्याला काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे हवी असतात: हे काय करते, माझ्या एडिटरच्या आवृत्तीवर चालते का, परवाना कोणता, मूळ कोड कुठे आहे, आणि त्याची देखभाल कोणी करते का. यांपैकी परवान्यासाठी मुक्त मजकुराऐवजी एसपीडीएक्स या मानकातील परवान्यांच्या प्रमाणित संक्षेपांची यादी द्यावी, कारण तसे न केल्यास एकाच परवान्याची दहा रूपे साठतात. एडिटरची किमान आवृत्ती हा रकाना नव्या नोंदींसाठी सक्तीचा करावा. विममध्ये अंगभूत पॅकेज-व्यवस्था २०१६ सालच्या ८व्या आवृत्तीपासून आली आणि २०१४ मध्ये विमपासून फुटून निघालेल्या निओविमने लुआ या प्रोग्रामिंग भाषेची वाट धरली. तेव्हा केवळ 'विमसाठी' एवढी माहिती आज कोणाच्याच कामाची राहिलेली नाही.

जुन्या नोंदींच्या लेखकांना मात्र एकदम दहा रकाने भरायला लावू नयेत. बरीच माहिती रिपॉझिटरीतून आपोआप काढता येते, आणि जी काढता येत नाही ती 'अज्ञात' म्हणून प्रामाणिकपणे दाखवता येते. अंदाजाने भरलेली माहिती रिकाम्या रकान्यापेक्षा अधिक घातक असते.

देखभालीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. बहुतेक संकेतस्थळे 'शेवटचा बदल' अशी तारीख दाखवून मोकळी होतात आणि वाचक ती पाहून प्लगइन जिवंत आहे की मेले, हे परस्पर ठरवतो. रंगसंगतीची एखादी फाइल आठ वर्षे न बदलूनही निर्दोष चालत असते, कारण तिच्यात बदलण्यासारखे काही उरलेलेच नसते. उलट एखाद्या प्रोग्रामिंग भाषेच्या सर्व्हरशी (कोड तपासून सूचना देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामशी) बोलणारे प्लगइन सहा महिने स्वस्थ राहिले तर ते बहुधा मागे पडलेले असते. म्हणून तारखेच्या शेजारी लेखकाने स्वतः जाहीर केलेली स्थिती दाखवावी: देखभाल चालू आहे, काम पूर्ण झाले आहे, नवा सांभाळणारा हवा आहे, किंवा काम थांबवले आहे. लेखक उत्तरच देत नसेल, तर तेही ठरावीक मुदतीनंतर नोंदीत दिसावे. ज्या प्लगइनची जागा दुसऱ्याने घेतली आहे, त्याच्या पानाच्या माथ्यावर त्या दुसऱ्याचा दुवा असावा. ही एकच ओळ नव्या वापरकर्त्याची एक अख्खी संध्याकाळ वाचवू शकते.

पायरी ५: शोध आणि क्रमवारी

सुधारणेसाठी हाती वेळ थोडा असेल, तर तो सगळा येथे खर्च करावा. यासाठी सुरुवातीला वेगळा शोध-सर्व्हर लागत नाही. काही हजार नोंदींसाठी एसक्यूलाइट या डेटाबेसमधील एफटीएस५ ही शोध-सोय किंवा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमधील पूर्ण-मजकूर शोध पुरेसा ठरतो. नावातील जुळणीला सर्वाधिक वजन, एका ओळीच्या वर्णनाला त्याखालोखाल आणि रीडमीला सर्वांत कमी वजन द्यावे. रीडमीला जास्त वजन दिले, तर दहा भाषांची नावे घेणारे लांबलचक रीडमी प्रत्येक शोधात वर येतात.

प्लगइन्सच्या नावांची स्वतःची रीत असते. विमच्या प्लगइन्सना पुढे 'विम-' आणि ईमॅक्सच्या पॅकेजेसना मागे '-मोड' जोडण्याची प्रथा आहे. शोधणारा माणूस ही जोडणी कधी लिहितो, कधी लिहीत नाही. जोडचिन्हाऐवजी मोकळी जागा सोडतो किंवा दोन शब्द एकत्र करतो. म्हणून अनुक्रमणिका तयार करताना नावाची ही सर्व रूपे साठवावीत. त्यानंतर रिकाम्या हाताने परतलेल्या शोधांची यादी काढून तिच्यातील नेहमीच्या शब्दांसाठी समानार्थी शब्दांचा छोटा कोश करावा. 'कंप्लीशन' (अर्धवट लिहिलेला शब्द आपोआप पूर्ण करणे) शोधणाऱ्याला 'ऑटोकंप्लीट' असे लिहिलेले प्लगइन सापडलेच पाहिजे. हा कोश हाताने करावा लागतो आणि ते काम कंटाळवाणे आहे, पण त्याचा लाभ दुसऱ्या दिवसापासून दिसतो.

क्रमवारीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. डाउनलोडच्या आकड्यावर क्रम लावला, की वर असलेले अधिक उतरवले जाते आणि अधिक उतरवले गेल्यामुळे वरच राहते. शिवाय या आकड्यात स्वयंचलित चाचण्यांसाठी दर वेळी नव्याने केलेली स्थापना आणि जुन्याच वापरकर्त्यांचे अद्ययावतीकरण मिसळलेले असते. विम ऑसम या संकेतस्थळाने वेगळी वाट काढली होती: गिटहबवर लोकांनी ठेवलेल्या कॉन्फिगरेशन फाइल्स तपासून कोणते प्लगइन प्रत्यक्ष किती जणांनी लावले आहे, याची मोजणी तेथे केली गेली. फाइल सार्वजनिक ठेवणाऱ्यांचाच कल त्यात उमटतो ही मर्यादा मान्य करूनही, केवळ उतरवण्यापेक्षा वापराच्या अधिक जवळ जाणारे असे हे माप आहे.

मतांची बेरीजही अशीच फसवी आहे. केवळ बेरजेने क्रम लावला, तर दीर्घकाळ मते गोळा करणारे जुने प्लगइन नव्याला वर येऊच देत नाही. केवळ टक्केवारी घेतली, तर दोनपैकी दोन अनुकूल मते मिळालेले प्लगइन शंभरपैकी पंच्याण्णव मते मिळालेल्याच्या डोक्यावर बसते. यावर संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या, थोड्या मतांवरून खऱ्या प्रमाणाचा पल्ला सांगणाऱ्या सूत्राची खालची मर्यादा वापरण्याचा मार्ग रूढ आहे. ९५ टक्के विश्वासपातळीवर पहिल्या प्लगइनचा गुणांक सुमारे ०.३४ येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ०.८९, म्हणजे जेथे पुरावा थोडा आहे तेथे सूत्र आपोआप सावध होते. हे सूत्र पाच-सात ओळींत लिहिता येते. तरीही कोणताही एकच गुणांक अंतिम मानू नये. 'अलीकडे आलेली' आणि 'अलीकडे वाढलेली' अशा दोन वेगळ्या याद्या मुखपृष्ठावर असल्या, तर नव्या लेखकांना दिसण्याची संधी मिळते.

पायरी ६: सुरक्षितता आणि मालकी

एडिटरचे प्लगइन साधारणपणे वापरकर्त्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. ते त्याच्या फाइल्स वाचू शकते आणि नेटवर्कवर काहीही पाठवू शकते. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावरील एक खाते चोरीला जाणे म्हणजे त्या लेखकाच्या सर्व वापरकर्त्यांचे संगणक धोक्यात येणे होय.

सुरुवात पासवर्डपासून करावी. जुन्या डेटाबेसमध्ये एमडी५ या आता कमकुवत ठरलेल्या पद्धतीचे हॅश सापडले, तर लोक पुन्हा येण्याची वाट न पाहता त्या हॅशवरच आरगॉन२ किंवा बीक्रिप्ट या भक्कम पद्धती चालवून साठवावे आणि त्या व्यक्तीने पुन्हा प्रवेश केला की मूळ पासवर्डवरून नवा हॅश करावा. निदान प्लगइन प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी दुहेरी प्रमाणीकरण सक्तीचे असावे; पायथनच्या पॅकेजेसचा संग्रह असलेल्या पायपीआयने १ जानेवारी २०२४ पासून ते सर्व खात्यांना लागू केले. त्यानंतर रीडमीकडे पाहावे. लेखकाने मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेला मजकूर एचटीएमएलमध्ये बदलल्यावर तो परवानगी असलेल्या टॅगांच्या यादीतून गाळून घ्यावा, आणि एसव्हीजी चित्रांमध्येही स्क्रिप्ट दडवता येते हे विसरू नये. चढवलेल्या फाइल्स शक्यतो वेगळ्या डोमेनवरून द्याव्यात, म्हणजे त्यांतील घातक मजकुराला मुख्य संकेतस्थळाच्या कुकीज मिळणार नाहीत. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश यादीत प्रसिद्ध केल्यास व्यवस्थापकाला उतरवलेली फाइल तपासून घेता येते.

नावांच्या बाबतीत दोन नियम पुरेसे आहेत. लोकप्रिय नावापासून एका-दोन अक्षरांच्या अंतरावरचे नवे नाव आपोआप स्वीकारू नये, ते माणसाच्या नजरेखालून जावे; आणि पुसलेल्या प्लगइनचे नाव दुसऱ्याला खुले करू नये.

मालकी हस्तांतरणासाठी लेखी कार्यपद्धती हवीच. २०१८ मध्ये एनपीएमवरील 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने मदत देऊ करणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीकडे त्याचे अधिकार सोपवले, आणि त्या व्यक्तीने बिटकॉइन पाकिटातील पैसे चोरणारा कोड एका उपपॅकेजमार्फत आत आणला. येथे कोणतेही कुलूप तुटले नव्हते. किल्लीच हाती दिली गेली होती. म्हणून मालक बदलल्याची नोंद पानावर ठळक दिसावी, व्यवस्थापकाच्या यादीतही तिचा उल्लेख असावा, आणि नव्या मालकाच्या पहिल्या आवृत्तीला काही दिवसांचा थांबा द्यावा. मूळ लेखकाचा पत्ताच लागत नसेल, तर त्याला कोठे, किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने कळवायचे हे आधी ठरलेले असावे. हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घेणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये तंटे झाल्यावाचून राहत नाहीत.

पायरी ७: लेखकाची वाट सोपी करणे

गिटमध्ये नवा टॅग लावला की आवृत्ती आपोआप प्रसिद्ध व्हावी, ही व्यवस्था एकदा बसली की लेखकाला प्रत्येक आवृत्तीसाठी संकेतस्थळावर यावे लागत नाही. नोंद फेटाळताना 'अवैध माहिती' एवढेच न सांगता कोणता रकाना, कोणती ओळ आणि काय अपेक्षित आहे, हे सांगावे. पहिल्या नोंदीची तपासणी माणसाने करावी, परंतु तपासण्याचे मुद्दे जाहीर असावेत आणि त्यांपैकी यंत्राला कळणारे सर्व मुद्दे यंत्रावर सोपवावेत. नाहीतर रांग वाढत जाते आणि तपासणारे पळून जातात.

पायरी ८: रंगरूप

आता रूपाकडे वळण्यास हरकत नाही, आणि येथे फार काही करावे लागत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवावा, कोडच्या लांब ओळी फोनवर पान न फाडता आडव्या सरकाव्यात, आणि चित्रांची रुंदी-उंची आधीच नमूद असावी म्हणजे ती उतरताना मजकूर उड्या मारणार नाही. शोध आणि डाउनलोड या दोन गोष्टी जावास्क्रिप्टशिवाय चालल्याच पाहिजेत. येथे येणारी मंडळी टर्मिनलमधील ब्राउझर वापरणारी असतात, काही तर ईमॅक्सच्या आतूनच पान उघडतात, आणि त्यांची तक्रार आली तर ती सविस्तर असते.

पायरी ९: प्रसिद्धी आणि वारसा

बदल एकदम सोडू नयेत. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे मागे घेता येईल इतका लहान असावा, आणि डेटाबेसच्या रचनेतील बदल दोन टप्प्यांत करावेत: आधी नवा रकाना भरावा, तो वापरात येऊन स्थिरावला की मगच जुना काढावा.

याच काळात वारशाचीही सोय लावावी. गिटहबने ॲटम हा एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला, तेव्हा त्याचा वारसा सांगणाऱ्या पल्सार या एडिटरच्या स्वयंसेवकांना एडिटरबरोबर पॅकेजेसची नोंदणी-व्यवस्थाही नव्याने उभारावी लागली. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडते, तर एका स्वयंसेवकाच्या नावावर डोमेन असलेल्या संकेतस्थळाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. डोमेन, सर्व्हर आणि बॅकअप यांच्या किल्ल्या किमान तिघांकडे असाव्यात आणि डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना सामाईक पत्त्यावर यावी. खासगी रकाने वगळून सर्व नोंदींची संपूर्ण प्रत दर आठवड्याला सार्वजनिक ठिकाणी आपोआप ठेवली जावी, आणि तिच्यासोबत ती प्रत वापरून संकेतस्थळ शून्यातून उभे करण्याच्या सूचनाही असाव्यात. नव्याने येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला पहिले काम म्हणून त्या सूचना जशाच्या तशा पाळून पाहायला सांगावे, आणि जेथे तो अडेल तेथे त्याच दिवशी सूचना दुरुस्त करून घ्याव्यात.